दाताचं इम्प्लांट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आमच्या दवाखान्यात इम्प्लांटचे प्रश्न दोनदा विचारले जातात. एकदा खुर्चीत बसल्यावर, आणि पुन्हा निघताना, दारात चपला घालता घालता. दारातले प्रश्न जास्त खरे असतात. इथे दोन्ही घेतलेत.

इम्प्लांट म्हणजे काय? अख्खा दातच हाडात रोवता का?

नाही. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू. साधारण ४ मि.मी. जाड, १० मि.मी. लांब. तो दाताच्या मुळाचं काम करतो. त्याच्यावर एक जोडतुकडा बसतो, त्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात, आणि सगळ्यात वर कॅप. या तीन वेगळ्या वस्तू आहेत हे डोक्यात राहू द्या, पुढे उपयोगी पडतं. मागे एक आजी रिक्षा करून घाईघाईने आल्या. "डॉक्टर, एवढा पन्नास हजारांचा दात हलतोय हो." डोळ्यांत पाणी. बघितलं तर हाडातला स्क्रू पक्का होता, फक्त अ‍ॅबटमेंट आवळणारा बारका स्क्रू सैल झाला होता. कॅपवरचं भोक उघडलं, स्क्रू आवळला, भोक बुजवलं. आजी पायी घरी गेल्या.

हाड परका धातू कसा काय स्वीकारतं?

हा शोध चुकून लागला. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड त्याला धरून बसलं होतं. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो, आणि तो थर हाडाच्या पेशींना खुपत नाही. १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन नावाच्या माणसाला त्यांनी पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले. चाळीस वर्षं ते त्याच इम्प्लांटवर जेवले.

दाढ काढून सहा वर्षं झाली. आता बसेल का?

बहुतेकदा बसतं, पण सोपं राहत नाही. दात गेला की त्या जागच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षात होते, रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. वरच्या दाढांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते: वर सायनसची पोकळी असते, ती हळूहळू खाली उतरते, आणि मधे हाडाची नुसती पापडी उरते. मग हाडाची भर घालावी लागते, किंवा सायनसचा पडदा उचलून जागा करावी लागते. खर्चही वाढतो आणि महिनेही. शिवाय समोरची दाढ रिकाम्या जागेत उतरते, शेजारची कलंडते.

हे नेमकं किती झालंय ते साध्या एक्स-रेत कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे काढतात. त्यात हाडाची उंची आणि जाडी दोन्ही मि.मी.मध्ये मोजता येतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून निदान २ मि.मी. लांब राहायचं असतं. स्कॅन न बघता खालच्या दाढेला इम्प्लांट बसवू म्हणणाऱ्याकडे मी तरी माझा जबडा देणार नाही.

ब्रिज निम्म्या पैशांत होतो. मग इम्प्लांटचा आग्रह का?

आग्रह नाही. ब्रिजमध्ये मधला दात शेजारच्या दोन दातांवरच्या कॅपना जोडलेला असतो, त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करावे लागतात. ते दात धडधाकट असतील तर एका हरवलेल्या दातापायी दोन चांगले दात घासणं मला पटत नाही. पण त्या दोन्ही दातांचं आधीच रूट कॅनल झालंय, कॅप घालायचीच आहे, अशी परिस्थिती असेल तर ब्रिज करा आणि पैसे वाचवा. मी असं कितीतरी जणांना सांगितलंय.

आईचे सगळे दात गेलेत. खालची कवळी जेवताना वर येते. आठ-दहा इम्प्लांट लागतील का?

दोन पुरतात. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवायची आणि कवळीला आतून बटणं लावायची. ब्लाउजच्या टिचबटणासारखी टक् करून बसते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही खालच्या बोळक्या जबड्यासाठी पहिला पर्याय म्हणून हाच सुचवला होता. रात्री काढून धुता येते, त्यामुळे सफाईही सोपी. बटणांतली रबरं मधूनमधून बदलावी लागतात, एवढंच. चार इम्प्लांटवर एका जबड्याची सगळी बत्तीशी पक्की बसवण्याचाही मार्ग आहे. पण ऐंशीच्या घरातल्या, हात थरथरणाऱ्या आईला त्याच्या खालून ब्रश फिरवता येईल का, हे मुलांनी आधी घरी बसून ठरवावं.

वयाची अट आहे का?

वरची नाही. खालची आहे: जबड्याची वाढ पूर्ण व्हायला हवी, म्हणजे अठरानंतरच, आणि पुढच्या दातांसाठी त्याहूनही थोडं थांबलेलं बरं. सायकलवरून पडून सोळाव्या वर्षी पुढचा दात गेलेला मुलगा घेऊन आईवडील येतात आणि "दहावीच्या निरोप समारंभाआधी बसवा" म्हणतात. बसवलं, तर बाकीचे दात वाढून खाली येतात आणि इम्प्लांट आहे तिथेच राहतं. तोवर काढघालीचा दात किंवा चिकटवलेला ब्रिज.

मला शुगर आहे. चालेल?

शुगर आहे यापेक्षा ती ताब्यात आहे का, ते महत्त्वाचं. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७ च्या आसपास असेल तर आम्ही निश्चिंत असतो. ८ च्या वर असेल तर थांबतो. आदल्या दिवशी गोड बंद करून काढलेला उपाशीपोटीचा रिपोर्ट दाखवू नका. तो सगळेच दाखवतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. बंद करून येऊ का?

अजिबात नाही. एका इम्प्लांटसाठी बहुतेक वेळा ती बंद करावी लागत नाही, आणि करायची असेल तर तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. बायका हे सांगायला विसरतात, कारण "ते गुडघ्यासाठी आहे, दाताचा काय संबंध" असं वाटतं. हीही औषधं आपणहून बंद करायची नाहीत.

तंबाखू खात नाही. फक्त मशेरी लावते.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. बोटाने हिरडीवर चोळलेला. सिगारेट असो, गायछाप असो की मशेरी, हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड नीट धरत नाही. ऑपरेशनच्या आधी निदान दोन आठवडे आणि नंतर हाड धरेपर्यंत पूर्ण बंद. त्यानंतर कोणी परत सुरू करत असेल तर ते मला हिरडी बघून कळतं, शपथ घेऊ नका. गुटख्याने तोंडच दोन बोटं उघडत असेल तर आधी त्याचे उपचार. ड्रिल आत न्यायलाच जागा नसते.

दुखतं का?

भूल दिल्यावर दुखत नाही. जाणवतं मात्र. एक इम्प्लांट बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो. हिरडी थोडी उघडतात, हाडात आधी बारीक आणि मग क्रमाने मोठं ड्रिल फिरवतात. त्यावर सतत थंड सलाईन सोडलेलं असतं, कारण हाड तापलं तर मरतं. ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर गेलं तरी नुकसान होतं. तेच पाणी घशाकडे जातं आणि पेशंटला सगळ्यात जास्त वैताग त्याचाच येतो. शेवटी स्क्रू हळूहळू फिरवत आत बसवतात. त्या वेळी जबड्यावर दाब आल्यासारखं वाटतं. "भिंतीत रावळ प्लग ठोकतात तसं वाटलं," असं एका निवृत्त इंजिनिअर काकांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, काका, ठोकत नाही, फिरवतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, मग उतरते. दाढ काढताना जे सहन केलंय त्याहून हे बहुतेकांना सोपं जातं. सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढत असेल, पू येत असेल, किंवा भूल उतरूनही ओठ बधिर असेल, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

एका दिवसात दात मिळतो असं जाहिरातीत बघितलं.

मिळतो, काहींना. स्क्रू बसवताना तो किती घट्ट बसला हे मोजता येतं. साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटरला पक्का धरला तर त्यावर लगेच तात्पुरता दात देता येतो, विशेषतः पुढच्या बाजूला. तो दाखवायचा दात असतो, कणीस खायचा नाही. दाढेच्या जागी घाई करण्यात मला अर्थ दिसत नाही. खालच्या जबड्यात तीन-एक महिने, वरच्या मऊ हाडात चार ते सहा महिने थांबायचं, मग माप आणि कॅप. लग्नकार्य, परदेशी मुलाकडे जाणं, आषाढीची वारी, हे सगळं आधी सांगा. पालखी पुण्यातला मुक्काम हलवून निघाली की तिच्याबरोबर दिवेघाट चढायचा आणि आदल्या आठवड्यात टाके, असं करू नये. एका माउलींनी केलं. टाके सासवडला तुटले.

खर्च किती?

पुण्यात एका दाताचे साधारण २५,००० पासून ६०,००० रुपयांपर्यंत आकडे ऐकायला मिळतात. फरक कंपनीचा, कॅपच्या प्रकाराचा आणि डॉक्टरांच्या फीचा. कोणी फार कमी आकडा सांगितला तर एकच विचारा: यात कॅप धरली आहे का? बऱ्याचदा तो नुसत्या स्क्रूचा भाव असतो. अ‍ॅबटमेंट, कॅप, स्कॅन आणि हाडाची भर वेगवेगळी धरून कागदावर लिहून मागा. साध्या मेडिक्लेममध्ये दाताचं काम सहसा बसत नाही, अपघातात दात गेला असेल तर पॉलिसी नीट वाचा.

पैशांची अडचण असेल तर डेंटल कॉलेजमध्ये जा. धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, अशी चार तर पुण्यातच आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर करतात, पण शिक्षक शेजारी उभे असतात. वेळ जास्त जातो.

कुठली कंपनी चांगली?

स्ट्रॉमान, नोबेल बायोकेअर ही जुनी युरोपीय नावं, ऑस्टेम कोरियाचं. इस्रायली आणि भारतीयही आहेत. कंपनीपेक्षा मी एक गोष्ट बघायला सांगतो: पंधरा वर्षांनी त्याचा सुटा भाग मिळेल का? प्रत्येक कंपनीचा स्क्रू, त्याची किल्ली वेगळी. स्क्रूच्या पाकिटावर नाव, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. ते तुमच्या कार्डावर चिकटवून घ्या आणि कार्ड घराच्या कागदपत्रांत ठेवा. दुसऱ्या गावी बसवलेलं, कंपनी माहीत नसलेलं, सैल झालेलं इम्प्लांट घेऊन लोक येतात. मग आम्ही एक्स-रे बघून कोडं सोडवत बसतो.

कॅप सिमेंटने चिकटवायची की स्क्रूने?

शक्य असेल तिथे स्क्रूने. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर वर्षानुवर्षं तिथे चिघळत राहतं. स्क्रूची कॅप काढता येते, साफ करून परत लावता येते. मागच्या आजींचं काम दहा मिनिटांत झालं ते म्हणूनच.

ऑपरेशननंतर काय खायचं?

पहिल्या दिवशी गार आणि मऊ: दही-भात, ताक, गार झालेली खीर. दुसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी, उपमा, दुधात कुस्करलेली पोळी. स्ट्रॉ लावून प्यायचं नाही, जोरात चूळ भरून थुंकायचं नाही, रक्ताची गाठ निघते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची चूळ हलकेच. साबुदाण्याची खिचडी मऊ असते म्हणून चालेल असं वाटतं, पण दाण्याचं कूट टाक्यांत अडकतं. चतुर्थी असेल तर राजगिऱ्याची खीर करा. बाकरवडी आणि चकली कॅप बसेपर्यंत दुसऱ्या बाजूने. सुपारी आणि बर्फ कॅप बसल्यावरही नाही.

इम्प्लांटला कीड लागत नाही ना? मग काळजी कसली?

दारात चपला घालताना येणारा हाच तो प्रश्न. कीड लागत नाही, खरंय. पण खऱ्या दाताला कीड लागली की तो ठणकतो, गार पाणी झोंबतं, रात्री झोपू देत नाही. इम्प्लांटला नसच नाही. आजूबाजूचं हाड अर्धं जाईपर्यंत ते तक्रार करत नाही. खऱ्या दाताभोवती हाड आणि मूळ यांच्यामध्ये धाग्यांची एक गादी असते, हिरडीचे धागेही मुळात घट्ट घुसलेले असतात. इम्प्लांटभोवती हिरडी नुसती गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तशी असते. मळ साठला की जंतू त्या मफलरखाली सहज उतरतात. आधी हिरडी लाल होते आणि ब्रश लावल्यावर रक्त येतं. या टप्प्यावर सफाईने पूर्ण बरं होतं. दुर्लक्ष केलं तर हाड झिजायला लागतं, त्याला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात, आणि गेलेलं हाड परत आणणं फार अवघड.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी स्वतःची उजवी खालची दाढ इम्प्लांटची आहे. तिसऱ्या वर्षी मित्राने तपासलं, बारीक प्लॅस्टिकची पट्टी हिरडीत घातली आणि आरसा माझ्या हातात दिला. कॅपच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, रक्ताची बारीक रेघ उमटली होती. दिवसभर लोकांना फ्लॉस शिकवणारा मी, घरी रात्री साडेदहाला कंटाळत होतो. दुखलं काहीच नव्हतं.

मग घासायचं कसं?

मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री. जिथे कॅप हिरडीला मिळते त्या रेघेवर ब्रश तिरका धरायचा. जिभेकडची बाजू विसरायची नाही, सगळे तीच विसरतात. त्यानंतर फटीत घालायचा छोटा ब्रश, बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू म्हणा. त्याची तार प्लॅस्टिकचं आवरण असलेली घ्या. माप दवाखान्यातच ठरवून घ्या. फार बारीक असेल तर नुसता फिरतो, मोठा असेल तर हिरडी सोलतो. ब्रिज किंवा पूर्ण बत्तीशी असेल तर खालून ओवायचा जाड फ्लॉस किंवा पाण्याचा फवारा मारणारं यंत्र. यंत्र ब्रशला पर्याय नाही. कोळशाची पावडर, मीठ-हळद खरखरून घासणं, टाचणी, सेफ्टी पिन, हे सगळं बंद. क्लोरहेक्झिडीनचं माउथवॉश सांगितलेल्या दिवसांपुरतंच, जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात.

रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड करून घ्या. इम्प्लांटखाली ती गादी नसल्यामुळे दणका थेट स्क्रूला बसतो.

तपासणीला किती वेळा यायचं?

पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा एक्स-रे. पहिल्या वर्षात १ मि.मी.च्या आसपास हाड खाली जाणं चालतं, त्यानंतर ते थांबायला हवं. म्हणून कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघतात.

एमआरआय करता येतो का? विमानतळावर वाजेल?

येतो, टायटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही. डोक्याच्या किंवा जबड्याच्या एमआरआयमध्ये त्या जागी थोडी सावली येते, एवढंच. कवळीला चुंबकाचे आकडे असतील तर मात्र आधी सांगा. लोहगावला आजवर कोणाचा दात वाजल्याचं ऐकलं नाही.

पहिल्या भेटीला काय आणू?

चालू गोळ्यांची पाकिटं, नावं पाठ असतील तरी. जुने एक्स-रे. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा रिपोर्ट. कवळी असेल तर ती डबीत पाण्यात घालून आणा, रुमालात गुंडाळून खिशात ठेवून नको. एका काकांनी पीएमटीत घाम पुसायला रुमाल काढला आणि वरची कवळी स्वारगेटच्या बसमध्ये राहिली. डेपोत जाऊन विचारून आले. मिळाली नाही.